म्हणे, स्वेच्छेने निवडला!

डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. कुणाला समतोल वगैरे वाचायचं असेल तर त्यांनी पुढे सरकावं.

लेक एफवायबीएला आहे. मेजर, म्हणजे मुख्य विषय, इतिहास. कॉलेज मध्य रेल्वेवरचं, नाव घेत नाही, कारण तिला अजून तिथेच दिवस काढायचेत. नव्या शैक्षणिक धोरणात मेजरसोबत एक ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे आवडीचा जोडविषय, घ्यावं लागतं आणि ते आपल्या शाखेबाहेरचं हवं. म्हणजे आर्ट्सवाल्याने सायन्सचं नाहीतर कॉमर्सचं घ्यायचं. मला तर वाचून आनंदच झाला होता. प्रॉस्पेक्टसमध्ये चक्क 'खगोलशास्त्राची ओळख' होतं. दोन क्रेडिट, म्हणजे सेमिस्टरला तीस तास. पोरगी हरखून गेली. दहावीनंतर वांगणीला रात्रभर आकाशदर्शन करून आली तेव्हापासून तिला ते वेड आहेच. पण ती म्हणाली, "आई, जुन्या पत्रांवर तारीख नसते गं, तिथी असते. फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551. ही तिथी मोजतात कशी, अधिक महिना येतो कुठून, हे कळलं पाहिजे ना मला." अठराव्या वर्षी याहून शहाणपणाने कोण काय निवडणार, सांगा!

मिळालं काय? अकाउंट्स.

अहो, अकाउंट्स! नावे-जमा, किर्द-खतावणी. जो विषय माझ्या गळ्यात 1995 साली मारला होता आणि ज्याच्यावर आजही मी फोर्टातल्या एका हापिसात पोट भरते, तोच तीस वर्षांनी माझ्या पोरीला 'तुमचा चॉइस' म्हणून अलॉट झाला.

आता हे झालं कसं ते ऐका. गूगल फॉर्म सकाळी दहाला उघडणार, फर्स्ट कम फर्स्ट सर्व्ह. ही दहाला लोकलमध्ये, घाटकोपर आणि कुर्ल्याच्या मध्ये, एका हाताने दांडी धरून. नेटवर्क गेलं. परत आलं तेव्हा दहा वाजून सहा मिनिटं. भरला फॉर्म. पसंतीक्रम पाच द्यायचे, पाचही सक्तीचे, नाहीतर पुढचं पान उघडतच नाही. तिला हवा होता एकच विषय. उरलेले चार रकाने भरायचे म्हणून तिने समोर दिसेल ते टाकलं. अकाउंट्स पाचवं. तेच लागलं.

मी अर्धी रजा टाकून कॉलेजात गेले. खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "मॅडम, चॉइस तुमच्याच मुलीने भरलाय. सिस्टीमने दिलाय." म्हटलं, पाचवा होता तो. "हो, पण तिनेच भरला ना?" यावर काय बोलणार? वाढप्याने विचारावं, पुरणपोळी, श्रीखंड, बासुंदी, जिलबी की कारलं, आणि पाचही नावं घेतल्याशिवाय पानावर बसू देणार नाही म्हणावं. मग कारलं वाढायचं आणि वर, ताई, तुम्हीच सांगितलंत की!

खरं काय ते स्टाफरूमबाहेर एका सरांनी सांगितलं. भले माणूस. खगोलशास्त्र यादीत आहे, पण शिकवायला कुणी नाही. फिजिक्सचे सर निवृत्त झाले, जागा भरली नाही, तासांवर येणारे सीएचबीवाले आहेत त्यांच्याकडून आधीच मेजरचे पेपर उरकून घेतायत. उलट कॉमर्समध्ये एकांचा वर्कलोड कमी पडत होता. वर्कलोड भरला नाही तर जागा जाते. मग काय, दोन डिव्हिजन अकाउंट्सच्या. त्या तासांवरच्या सरांवर राग नाही माझा. तासाच्या हिशोबाने पैसे आणि तेही कधी मिळतील ते देव जाणे, अशांवर कसला राग काढायचा? राग याचा आहे की हे सरळ सांगत का नाही? 'आमच्याकडे माणूस नाही, जे आहे ते घ्या' असं नोटीस बोर्डावर लावा. आम्ही मुंबईकर आहोत, नाही त्यात भागवायची सवय आहे आम्हाला. पण हाती नाही ते यादीत छापायचं, पोरांना स्वप्नं दाखवायची आणि शेवटी जबाबदारी त्यांच्याच अंगठ्यावर ढकलायची, हा कुठला न्याय?

आणि कुठल्या शहरात? वरळीला तारांगण आहे 1977 पासून. कुलाब्याला टीआयएफआर, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्था. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. आणि या शहरातल्या एका पोरीला तीस तास आकाश शिकवायला माणूस मिळत नाही! त्यातही गंमत बघा, 'भारतीय ज्ञानप्रणाली' नावाचा विषय मात्र सक्तीचा. त्याच्या झेरॉक्स नोट्समध्ये आर्यभट अडीच ओळींत आटोपलाय. पाठ करा, लिहा, विसरा.

घरी दीर म्हणतात, "वहिनी, पोरांना मोकळं सोडलं तर सगळे सोपे विषय घेतील." घेतील की. काही जण सर मार्क कुठे सढळ देतात ते बघतात, काही जण शेवटचं लेक्चर कुठलं लवकर सुटतं आणि बदलापूर गाडी मिळते का ते बघतात. मी नाकारत नाही. डॉक्टर होणाऱ्याला शरीररचना ऐच्छिक ठेवा असंही माझं म्हणणं नाही, मला माझ्या मूत्रपिंडांची काळजी आहे. पण बावीस क्रेडिटच्या सेमिस्टरमधले हे दोन! या दोनांत चुकलीच पोरगी, तर काय आभाळ कोसळणार आहे? अठराव्या वर्षी तिने सरकार निवडलेलं चालतं, तिचं लग्न लावून दिलेलं कायद्याला चालतं, आणि दोन क्रेडिट निवडायची अक्कल मात्र नाही म्हणे.

माझ्या वेळेला बाबांनी ठरवलं होतं. मलाही इतिहासच हवा होता. बाबा म्हणाले, बीकॉम कर, बँकेच्या परीक्षा देता येतील. बस्स. 82 च्या संपात गिरणी गेली तेव्हा घर कसं ओढलं ते त्यांनाच माहीत. त्यांच्या सक्तीत पोटाची भीती होती, ते मला फार उशिरा कळलं. पण त्यांनी कधी म्हटलं नाही की हे तूच निवडलंस. मी दोन दिवस जेवले नाही, तेही दोन दिवस नीट जेवले नाहीत. भांडायला माणूस तरी समोर होता. आता गूगल फॉर्मसमोर उपास धरून बसू?

बरं, बदलून मागितलं तर? अर्ज केला. उत्तर आलं, बदल फक्त ज्या विषयांत जागा आहेत त्यांतच. जागा कुठे आहेत? अकाउंट्सच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये. मी हसले, खरंच हसले, हापिसातल्या मुली बघायला लागल्या.

सध्या रात्री जेवणं झाली की मी तिला खतावणी शिकवते. चांगली शिकतेय हो, हुशारच आहे. येणारं नावे, जाणारं जमा. मध्येच खिडकीतून बाहेर बघते. आमच्या भांडुपच्या खिडकीतून तशीही समोरच्या टॉवरची पार्किंगच दिसते.

आणि आता हे हमीपत्र. सगळ्यांनी भरायचं, खाली पालकांची सही. 'मी सदर विषय स्वेच्छेने निवडला असून त्याबाबत माझी कोणतीही तक्रार नाही.' सही नसेल तर हॉल तिकीट नाही. मी पेन घेतलं, 'स्वेच्छेने'वर आडवी रेघ मारली, 'तक्रार नाही'मधला 'नाही' खोडला, आणि खाली झोकात सही केली.

काल कागद परत आला. वर लाल शाईत: खाडाखोड चालणार नाही. नवीन फॉर्म ऑफिसातून घ्यावा, दहा रुपये.