इंकांच्या नावावर भलत्यांचंच सोनं

सोन्याशिवाय या प्रदर्शनवाल्यांना दुसरं काही सुचतच नाही का? शहरभर पोस्टरं लावली, ‘इंकांचं सोनं’. इंका म्हणजे स्पॅनिश यायच्या आधी दक्षिण अमेरिकेत पेरूच्या बाजूला राज्य करणारे. तिकिटाचा भाव ऐकून घाम फुटला, वर ऑडिओ गाइडचे पैसे वेगळे. आणि आत काय? पहिली दालनंच्या दालनं मोचे, सिकान आणि चिमू या पेरूतल्याच, पण वेगळ्या लोकांच्या वस्तूंनी भरलेली. पोस्टरवर मिरवणारा तो अर्धचंद्राच्या पात्याचा सोन्याचा सुरा सिकानांचा. मोचे तर इंका साम्राज्य उभं राहायच्या काही शतकं आधीच संपलेले! सातवाहनांची नाणी मांडून वर ‘शिवकाल’ अशी पाटी ठोकली तर आपण गप्प बसू का?

बरं, इंकांचं सोनं नाही, ते का नाही, हे तरी सांगा ना! १५३२ मध्ये स्पॅनिश सेनानी पिझारोने पेरूतल्या काहामार्का गावात इंकांचा राजा अताहुआल्पा याला पकडलं. सुटकेसाठी त्याने एक खोली भरून सोनं आणि त्याच्या दुप्पट चांदी द्यायचं कबूल केलं. माल आला, स्पॅनिशांनी तो वितळवून लगडी पाडल्या, वाटून घेतल्या आणि १५३३ मध्ये त्यालाच मारून टाकलं. इंकांच्या सोनाराचं काम आज इतकं थोडं का उरलंय याचं मोठं कारण हेच. प्रदर्शनात यावर दोन ओळी, त्याही गुडघ्याच्या उंचीवर. कंबर मोडून वाचायच्या.

आणि ज्यासाठी मी तडफडत गेलो ते किपू? स्वच्छतागृहाच्या वाटेवरच्या कोपऱ्यात! पाटीवर ‘गाठी मारलेली दोरी. हिशेबासाठी.’ बस, संपलं. अहो, लिहायची लिपी नसताना या माणसांनी जनगणना, कर, कोठारातला मका, सगळा हिशेब दोऱ्यांवर ठेवला. मुख्य दोरीला लटकणाऱ्या दोऱ्या, त्यांवर गाठी, तळाशी एककाच्या, त्यावर दशकाच्या, त्यावर शतकाच्या. शून्याला गाठच नाही, जागा मोकळी. ही दशमान पद्धत लेलँड लॉक या अमेरिकन अभ्यासकाने १९१२ मध्ये उलगडून दाखवली. एकच दोरी मोकळी पसरून शेजारी आकडे लिहिले असते तर दहा वर्षांच्या पोरालाही कळलं असतं. इथे सगळा गुंता काचेत गोळा करून टाकलेला. जुन्या कापडाला उजेड सोसत नाही, म्हणून दिवे मंद, कबूल. पण पाटीला कसला आलाय उजेडाचा त्रास? त्यात समोरच्या भिंतीवरचा लेझर शो काचेत नाचतोय. गाठ दिसेल तर शपथ.

कापडाची तर दैनाच. इंका दरबारात बारीक विणीचं कापड सोन्याहून मोलाचं मानायचे, राजा ते मानाची भेट म्हणून द्यायचा. इथे एक अंगरखा, तोही खांबाआड. सुमारे ३०,००० किलोमीटरचं रस्त्यांचं जाळं एका नकाशात गुंडाळलं. माचू पिच्चू या डोंगरावरच्या इंका शहराला मात्र अख्खं दालन, आभासी सफरीचे गॉगल लावून घिरट्या घालायच्या आणि रांग मारुतीच्या शेपटाएवढी. वर मथळा, ‘१९११ मध्ये हायरम बिंगहॅमने शोधलेलं हरवलेलं शहर’. हरवलं कुणाचं? हा अमेरिकन संशोधक पोचला तेव्हा तिथल्या पायऱ्यापायऱ्यांच्या वावरांत शेतकरी कुटुंबं पिकं घेत होती! त्याने अमेरिकेतल्या येल विद्यापीठात नेलेल्या वस्तू परत मिळवायला पेरूला शंभर वर्षं घासाघीस करावी लागली, त्याचा तर उल्लेखच नाही.

बाहेर पडायचा रस्ता अर्थातच दुकानातून. तिथे फ्रिजवर लावायच्या चुंबकावर काय छापलंय? अॅझटेकांची सूर्यशिळा. मेक्सिकोची! काउंटरवरच्या पोरीला म्हटलं, बाई, हे इंकांचं नाही. ती हसून म्हणाली, ‘पण हेच सगळ्यात जास्त खपतं.’ तिच्याशी काय भांडणार? अभिप्रायासाठी दाराशी एक यंत्र, त्यावर हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची बटणं. लिहायला जागाच नाही. लाल बटण चांगलं चारपाच वेळा दाबलं, तर दर वेळी पडद्यावर तेच, ‘धन्यवाद, पुन्हा या.’