मालकाकडून उत्तर: बाटली शिळी नव्हती

नमस्कार दादा,

शनिवारची तुमची संध्याकाळ आमच्याकडे वाया गेली, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. चौघं जण लांबून आलात आणि नाराज होऊन गेलात, हे आम्हाला लागलंच. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की एल (ही इथली जुन्या धाटणीची बिअर) कोमट, गढूळ, फेस नाही, चव काढ्याची, वर साडेसहा पौंड, आणि 'डर्बीत मराठी माणसाचं दुकान म्हणून गेलो, तर शिळी बाटली गळ्यात मारली'. बाकीचं सगळं एक वेळ ऐकून घेऊ. 'शिळी'बद्दल मात्र बोलायलाच हवं. बाटल्यांच्या दुकानावर तो शब्द एकदा चिकटला की पुढचं गिऱ्हाईक दारातूनच मागे फिरतं.

तुमची बाटली 6 मार्चला भरलेली होती, बेस्ट बिफोर पुढच्या वर्षीचा मार्च. ही एल बाटलीतच दुसऱ्यांदा आंबते. भरताना लिटरमागे साधारण 5 ग्रॅम साखर घालतात. जिवंत यीस्ट ती खातं, त्यातून बुडबुडे येतात आणि काम संपलं की यीस्ट तळाशी बसतं. तुम्ही ज्याला 'तळाचा चिखल' म्हणालात तो हा थर. 1971 पासून इथे ब्रिटनमध्ये पारंपरिक एलसाठी झटणारी 'कामरा' ही संघटना अशाच बाटलीला खरी एल म्हणते आणि लोक ती मुद्दाम शोधून घेतात.

आता ती ग्लासात गढूळ का झाली? एका बाटलीतून तुम्ही चार ग्लास भरलेत. पहिला भरून बाटली सरळ उभी केलीत, मग दुसरा, मग तिसरा. बाटली दर वेळी आडवी होऊन उभी राहिली की आतली एल मागे आपटते आणि थर उठतो. चौथा ग्लास तुमचा होता, आणि त्यासाठी बाटली गोल फिरवून थेंब न थेंब काढलात. पहिला ग्लास वहिनींचा, तो स्वच्छ होता. त्यांना विचारा.

याचसाठी आम्ही टेबलावर काचेचा जग ठेवतो. ग्लास एकाहून जास्त असतील तर अख्खी बाटली एका धारेत, हात न थांबवता जगात ओतायची. तळाशी बोटाच्या पेराएवढी उरली, पहिली गढूळ रेघ मानेकडे सरकताना दिसली, की थांबायचं. मग जगातून हवी तशी वाटा. तुमच्या टेबलावर त्या जगात पाणी भरलेलं होतं. पाण्याचा जग स्टीलचा होता, शेजारीच. ते यीस्ट पोटात गेल्याने काही बिघडत नाही, फक्त चव पावाच्या पिठासारखी जड होते आणि एलमध्ये घातलेल्या सुगंधी पाल्याचा वास दबतो.

खरोखर शिळी बाटली ओळखायला अवघड नसते. जुनी झाली की ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. आत नको ते जंतू शिरले असतील तर झाकण काढताच फेस उसळून टेबलावर येतो आणि चव आंबट लागते. तुमची बाटली हलकासा 'फुस्स' करून उघडली, वर आली नाही, आणि आंबट असल्याचं तुम्हीही कुठे लिहिलेलं नाही.

कोमटपणाचं म्हणाल, तर ती 12 अंशांना दिली होती. असल्या एलसाठी 11 ते 13 अंश हेच योग्य. लेगरसारखी, म्हणजे गार प्यायच्या नेहमीच्या बिअरसारखी, 4 अंशांवर नेली की वास मिटतो आणि जिभेवर नुसता कडूपणा उरतो. शिवाय इतक्या गारठ्यात धान्यातली प्रथिनं आणि पाल्यातली नि हॉप्समधली (हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा देणारी एका वेलीची फुलं) टॅनिनं, म्हणजे तुरट द्रव्यं, एकमेकांना धरतात आणि एल धुरकट दिसते. तुम्ही बर्फाची बादली मागितलीत आणि आम्ही दिली. ही आमची चूक, ती कबूल. ग्लासातही बर्फ टाकलात तेव्हाच अडवायला हवं होतं, कारण बर्फाच्या खडबडीत अंगावर सगळा वायू एकदम सुटतो आणि उरते ती पाणचट, मेलेली एल. फेस गेला त्यात बाकरवडीचाही हात आहे. बाहेरचं खाणं आम्ही चालवून घेतो आणि बाकरवडी झकास होती, पण ओठांवरचं तेल ग्लासाच्या काठाला लागलं की फेस मिनिटभरही धरत नाही.

काढ्याचं मात्र तुम्ही अगदी चूक बोलला नाहीत. 'दवण्यासारखा वास' असं लिहिलंत, ते वाचून बरं वाटलं. यात मगवर्ट आहे, आणि दवणा आणि मगवर्ट एकाच कुळातले, दोन्ही आर्टेमिसिया. सोबत यॅरो ही कडसर रानवनस्पती आणि बॉग मर्टल. बॉग मर्टल हे इथल्या दलदलीतलं झुडूप, पानाचा वास तमालपत्र आणि निलगिरीच्या मधला. ही पानं उकळीच्या शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत, लिटरला ग्रॅम-दीड ग्रॅमच पडतात. आधी घातली तर सुगंधी तेल वाफेबरोबर उडून जातं, जास्त घातली तर खरंच काढा होतो. 'पेल एलमध्ये पाला कशाला' असंही विचारलंत. हॉप्स इंग्लंडात रुळले पंधराव्या शतकात, फ्लँडर्सकडून येऊन. त्याआधी एलमध्ये असलाच पाला असायचा. पुढे हॉप्सवर कर बसला, आणि तो बुडू नये म्हणून 1710च्या कायद्याने बिअर बनवणाऱ्यांना हॉप्सऐवजी दुसरं कडू वापरायला बंदी केली. पाला मागे पडला त्यात चवीइतकाच सरकारी तिजोरीचा वाटा आहे. या बाटलीत हॉप्सही आहेत, थोडे. बसून प्यायची ती पहिल्या घोटावर ठरवायची नाही. तिसऱ्या घोटाला यॅरोचा कोरडा कडूपणा मागून येतो, तोवर थांबावं लागतं.

साडेसहा पौंडांपैकी 1 पौंड 8 पेन्स नुसता व्हॅट. सुपरमार्केटच्या बाटलीशी तुलना केलीत, पण तिथे ती उभी ठेवून कुणी दोन दिवस निवळू देत नाही, आणि गढूळ निघाली तर बोलायला माणूसही नसतो. हे जरा तिखट झालं, माफ करा.

मेनूवर ओतण्याबद्दल दोन ओळी मराठीत आणि इंग्रजीत टाकतो, बर्फाचंही काहीतरी ठरवतो.

कोमट, महाग, काढा, सगळं राहू द्या, एक स्टारही राहू द्या. तेवढा 'शिळी' शब्द काढता आला तर बघा. तुमची रिकामी बाटली फेकलेली नाही, काउंटरमागे ठेवली आहे, लेबलवर तारीख आहे. केव्हाही येऊन पाहा. पुढची बाटली आम्ही ओतून देऊ.