लेकीचा पासपोर्ट आणि भाचीचे बूट

नोव्हेंबर 2025 मध्ये फुटबॉलपटू रायन विल्यम्सने भारताकडून खेळता यावं म्हणून ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून भारताचा घेतला आणि त्याच आठवड्यात कोल्हापूरहून दादाचा फोन आला. "बघ, सुरुवात झाली. उद्या तुझ्या पोरीला बी भारताकडनं खेळवू."

रायनची आई मुंबईत जन्मलेली. त्याच्याआधी इझुमी अराताने असाच जपानचा पासपोर्ट सोडला होता, पुण्याच्या संघातून खेळताना. अशा माणसांचं दादाला कौतुक आहे, मलाही आहे. पण माझी लेक ग्वाममध्ये, म्हणजे प्रशांत महासागरातल्या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटावर जन्मली, म्हणून अमेरिकेची नागरिक. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, आणि 2008 पासून परदेशी पासपोर्टवाल्यांना भारताच्या संघात जागा नाही. निदान ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं त्या कार्डावर, तरी खेळू द्या, असं घरी किती वर्षं चाललंय. त्या वादात ज्या बेटाचं नाव हमखास निघतं, तिथेच मी राहते.

16 जून 2015. इथल्या हार्मनच्या मैदानावर ग्वामने भारताला 2-1 असं हरवलं. बेट एवढंसं, वस्ती दीड लाखाच्या आसपास. घरी सगळ्यांना ते फार लागलं. मग उत्तरही सापडलं: ग्वामचे निम्मे खेळाडू अमेरिकेत वाढलेले, आपणही बाहेरून आपली मुलं आणू. आमच्या कोल्हापूरच्या पेठांनाही हे नवं नाही. तालमींच्या फुटबॉल संघांनी आफ्रिकेतून खेळाडू आणलेले आहेत आणि त्यावरूनही वर्षानुवर्षं भांडणं झाली आहेत.

या सगळ्या बोलण्यात बायकांचा संघ मात्र कुठेच नसतो. इथे त्याला मसाकाडा म्हणतात. 1997 साली आशियाई स्पर्धेत जपानने या पोरींना 21-0 असं धुतलं होतं. जुलै 2025 मध्ये, विश्वचषक खेळून आलेल्या व्हिएतनामशी त्या 0-4 ने हरल्या. हार ती हारच, पण एकवीस गोल खाणारा संघ तो आता राहिलेला नाही.

याही संघात अमेरिकेतल्या पोरी आहेत. फिफाच्या नियमाने स्वतः, आईवडील किंवा आजीआजोबांपैकी कुणी ग्वाममध्ये जन्मलेलं असलं, किंवा ती पोरगी काही वर्षं इथे राहिलेली असली, की चालतं. दादा एवढंच धरून बसतो. पण ती कॅलिफोर्नियातली पोरगी मुळात फुटबॉलपटू कशी झाली? 1972 साली अमेरिकेत कायदा झाला की सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेने मुलींना डावलायचं नाही. तो मैदानावरही लागू झाला, ग्वामलाही लागू झाला. शाळेत मुलींचा संघ असणारच, त्याला वेळ आणि मैदान मिळणारच. बाहेरून आलेली आणि इथली, दोघी त्यातूनच वर आल्या. पासपोर्टचा उपयोग त्यानंतर.

हार्मनला संध्याकाळी लेकीला सरावाला सोडते तेव्हा मी तिथेच थांबते. पाऊस येतो, दहा मिनिटांत जातो, पोरी खेळ थांबवत नाहीत. एकदा शेजारी एक चामोरो, म्हणजे इथल्या मूळ लोकांपैकी, आजी बसली होती, मांडीवर लाल भाताचा ट्रे. हा भात शेंद्रीच्या बियांनी रंगवतात. तिची नात सुट्टीत अमेरिकेहून आलेली. आजी चामोरोत बोलत होती, नात इंग्रजीत उत्तरं देत होती, आणि दोघींचं नीट चाललं होतं. नातीने माझ्या लेकीच्या बुटाची सुटलेली नाडी बांधून दिली आणि आजीने मला विचारलं, "कुठल्या गावच्या?" ग्वाममध्ये हा पहिला प्रश्न. मला एकदम मंगळवार पेठ आठवली. "कुठल्या पेठेतली गं तू?"

त्या पेठेत मी फुटबॉलच्या घरात वाढले. मॅचच्या दिवशी शाहू स्टेडियमवर अख्खं गाव लोटायचं. दादा खेळून आला की त्याच्या मोज्यांचा चिखल परसातल्या दगडावर मी काढायची. ऑफसाइड मला त्याच्याआधी कळायचा. तरी मला कुणी खेळतेस का विचारलं नाही, आणि मीही कुणाला विचारलं नाही, कारण मैदानात उतरलेली एकही पोरगी मी पाहिली नव्हती. ते आजही मला टोचतं.

म्हणून दादाला मी सरळ सांगितलं, माझी लेक भारताला नको. ओसीआयवाल्यांना घ्यायचं तर खुशाल घ्या, माझा विरोध नाही. पण पोरींच्या फुटबॉलला आपल्याकडे ज्याची खोट आहे, ते परदेशातून येणार नाही. 5 जुलै 2025 ला चियांग माईत भारताच्या मुलींनी थायलंडला 2-1 ने हरवलं आणि पात्रता फेरी खेळून पहिल्यांदाच आशियाई चषक गाठला. दोन्ही गोल बंगालच्या संगीता बासफोरचे. मणिपूरच्या, झारखंडच्या, हरियाणाच्या पोरी. त्यांना कुणाचा पासपोर्ट लागला नाही, गावात मैदान आणि शिकवणारं माणूस लागलं. त्यात आमच्या कोल्हापूरची एक तरी असायला नको होती का? फुटबॉल जगणारं गाव ते!

दादाला दहा वर्षांची मुलगी आहे. व्हिडिओ कॉलवर मी तिला गच्चीत खेळताना पाहते. डाव्या पायाने चेंडू थांबवते आणि वळताना मान वर असते तिची. हे शिकवून येत नाही.

"तिला कधी नेतोस मैदानावर?" मी विचारलं.

"पोरांच्यात?"

"नाहीतर कुठं? तुला कुणी विचारलं होतं का?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पाच वाजता ग्राऊंड मोकळं असतंय. बघतो."

मे महिन्यात आम्ही दोघी येतोय. वहिनीकडून भाचीच्या पायाचं माप मागवलंय. तिने वहीच्या कागदावर पेन्सिलीने पाऊल काढून फोटो पाठवला. बावीस सेंटिमीटर.