गच्चीचा कठडा आणि बायबलातलं अनुवाद 22:8

वसईच्या नाक्यावर वाद पेटला तो सोसायटीच्या गच्चीवरून. कठडा बुटका, आणि सभेत "देवाच्या दयेने आजवर काही झालं नाही" म्हणून विषय गुंडाळलेला.

सायमन उखडला. "दया कसली? कठडा बांधायला देवानेच सांगितलंय. बायबलात 'अनुवाद' पुस्तक उघड, 22:8 काढ. नवं घर बांधलंस तर गच्चीला कठडा घाल, नाहीतर कुणी पडला तर रक्ताचा दोष तुझ्या घरावर."

प्रकाश म्हणाला, "ते तिकडचं, जुन्या इस्राएलातलं. सपाट धाबी, लोक वर उठायचे-बसायचे, जवसाच्या काड्या वाळवायचे."

"मग आपण वर काय करतो? पापड वाळत घालतो, पतंग उडवतो."

बाबू नेहमीप्रमाणे नशिबावर आला. "ज्याचं मरण लिहिलंय तो पायरीवरून घसरूनही मरेल."

"हे रब्बींनीही, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनीही, चघळलंय," विन्सी म्हणाला. "त्यांचा तालमूद हा ग्रंथ म्हणतो, त्याचं पडणं ठरलेलं असेलही, पण ते तुझ्या हातून का व्हावं? मापही दिलंय त्यांनी. दहा मुठी, म्हणजे 80 ते 100 सेंमी, आणि टेकलं तरी ढासळता कामा नये."

विन्सी बांधकामातला, त्यामुळे पुढचा अर्धा तास त्याचाच. आजच्या हिशेबाने निदान 1 मीटर हवा, आणि तो तयार फरशीपासून मोजायचा. गोम इथेच आहे. गळती थांबवायला कोबा घालतात, त्यात चार-पाच इंच जातात. वर टाइल्स बसल्या की आणखी इंचभर. नकाशातला मीटरभर कठडा 85 सेंमीवर येतो. कमरेखालच्या कठड्यावरून वाकलं की अंगाचा भार बाहेर.

"पाइप लाव की वर," प्रकाश.

"लाव, पण बोल्ट नुसत्या प्लास्टरमध्ये नको, धक्क्याला उपटून येतो. आत काँक्रीटपर्यंत गेला पाहिजे. आडवे पाइप नकोत, पोरांना आयती शिडी. उभे गज घे, मधली फट 10 सेंमीच्या आत. आणि त्या कुंड्या हलवा आधी! कठड्याला लागून कुंडी म्हणजे पायरीच."

सायमनने बायबलातल्याच निर्गम पुस्तकाचा 21वा अध्याय काढला. खड्डा खणून उघडा ठेवला आणि त्यात कुणाचा बैल किंवा गाढव पडलं, तर किंमत खड्डेवाल्याने भरायची. टँकर गेल्यावर टाकीचं झाकण तसंच ठेवणाऱ्यांनी हे वाचावं. बोअरवेलबद्दल सर्वोच्च न्यायालयानेही 2010 मध्ये हेच बजावलंय : केसिंगवर, म्हणजे बोअरच्या पाइपवर, लोखंडी झाकण, भोवती सिमेंटचा ओटा, सोडून दिलेली बोअर माती-दगडांनी जमिनीपर्यंत बुजवायची. गोणपाट आणि फांदी चालत नाही.

त्याच अध्यायात मारका बैल आहे. पहिल्यांदा मारलं तर मालक सुटतो. ताकीद देऊनही बांधला नाही आणि माणूस मेला, तर मालकाच्याही जिवावर येतं. मला यातला 'ताकीद' हा भाग पटतो. सचिवाला लेखी पत्र द्या, पोच घ्या. मग "माहीत नव्हतं" म्हणायची सोय उरत नाही.

"म्हणजे प्रार्थना सोडायची?" बाबू.

"नहेम्या 4:9," सायमन म्हणाला. "यरुशलेमची भिंत बांधणाऱ्यांनी प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही बसवला. मंदिराच्या टोकावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असं सैतान म्हणाला होता, येशू नाही."

बाबूचं त्यावरही समाधान झालं नाही. भटका कुत्रा चावला तर मालक कोण, हे त्याने उकरून काढलं. तोवर प्रकाशने विचारलं, टाकीच्या कुलपाची चावी कुणाकडे असते? चौघांनाही माहीत नव्हतं.