फुकटचे पैसे म्हणे! आधी निम्मे स्वतःचे घाला

उद्योजकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: 'आंतरराष्ट्रीय संशोधन सहकार्याच्या नावाखाली सरकार कंपन्यांना फुकट पैसे वाटतं. मिळतात ते बड्यांनाच. पैसा परदेशात जातो, तंत्रज्ञानही जातं आणि प्रकल्प फसला की सगळं पाण्यात.' मजकूर झणझणीत आहे, म्हणून एकेक वाक्य घेऊ.

'फुकट पैसे.' जुलै २०१७ मध्ये भारत आणि इस्रायलने औद्योगिक संशोधनासाठी ४ कोटी डॉलरचा निधी जाहीर केला. मुदत पाच वर्षं, दोन्ही देशांचा वाटा निम्मा-निम्मा. रक्कम मोठी वाटते, पण कंपनीला मिळतात ते प्रकल्पखर्चाच्या जास्तीत जास्त ५० टक्के. समजा, भोसरीतल्या एका लहान कारखान्याने इस्रायली कंपनीबरोबर पाइपलाइनमधली गळती शोधणारा सेन्सर करायचं ठरवलं आणि आपल्या बाजूचा खर्च २ कोटी धरला. त्यातला १ कोटी मालकाने उभा करायचा. उरलेलाही एकरकमी हातात पडत नाही. टप्पा पुरा करा, हिशेब द्या, मग पुढचा हप्ता. हिशेब म्हणजे कुठल्या इंजिनिअरचा किती पगार या कामावर पडला, कच्च्या मालाला आणि चाचण्यांना किती गेले, आणि त्या सगळ्याखाली सीएची सही. हप्ता लांबला तरी पगार वेळेवरच करावे लागतात, तोवर बँकेकडून उचललेल्या कॅश क्रेडिटवर व्याज चढत राहतं. याला फुकट म्हणणाऱ्याने एकदा ते व्याज भरून बघावं.

'पैसा परदेशात जातो.' नाही. अशा द्विपक्षीय योजनांत साधारणपणे प्रत्येक देश आपापल्या कंपनीलाच मदत देतो. इस्रायलबरोबरच्या निधीचं आपल्याकडचं काम 'ग्लोबल इनोव्हेशन अँड टेक्नॉलॉजी अलायन्स'कडे सोपवलं होतं. केंद्राचं तंत्रज्ञान विकास मंडळ आणि सीआयआय ही उद्योगांची संघटना यांनी मिळून काढलेली ही कंपनी. तिने पैसे द्यायचे ते भारतीय भागीदाराला. समोरच्याचं त्याचं सरकार बघून घेतं.

'बड्यांनाच मिळतात.' इथे मजकूर लिहिणाऱ्याला थोडं खरं दिसलंय, पण बोट चुकीच्या ठिकाणी ठेवलंय. नियम लहानांच्या आड येतोच असं नाही. युरोपातली 'युरोस्टार्स' योजना तर लहान-मध्यम उद्योगानेच प्रकल्पाचं नेतृत्व करावं अशी अट घालते; प्रकल्पाचा किमान निम्मा खर्च अशा उद्योगांचा असावा लागतो आणि कुठल्याही एका भागीदाराचा वाटा ७० टक्क्यांवर जाऊ शकत नाही. आपल्याकडे लहान माणूस गळतो तो अर्जाच्या दारात नव्हे, स्वतःचा निम्मा वाटा उभा करताना. बँक जमीन-मशिनरी तारण घेते, अर्धवट सेन्सर घेत नाही. बड्या कंपनीला हा प्रश्नच पडत नाही. तक्रार करायचीच तर हप्ते वेळेत सुटावेत आणि लहानांना पहिला हप्ता आगाऊ मिळावा, अशी करा. 'योजनाच बंद करा' म्हटल्याने बड्यांचं काहीच अडणार नाही.

'तंत्रज्ञान जातं.' भागीदारी करार कच्चा असेल तर जातंच, त्याला अनुदान लागत नाही. उलट अशा योजनांत आधीचं ज्ञान कोणाचं, नव्या पेटंटवर कोणाचा किती हक्क, कुठल्या बाजारात कोण विकणार, हे करारात लिहून द्यावं लागतं. एरवी हस्तांदोलनावर चालणारे आपले कारखानदार निदान त्या निमित्ताने वकिलाकडे जातात.

'फसला की पाण्यात.' संशोधन आहे, काही प्रकल्प फसणारच. ते कसं हाताळायचं याचा जुना नमुना अमेरिका-इस्रायलच्या 'बर्ड फाउंडेशन'चा आहे, १९७७ पासूनचा. तिथेही खर्चाच्या निम्म्यापर्यंतच मदत. फाउंडेशन कंपनीत हिस्सा मागत नाही, पेटंटवर हक्क सांगत नाही. प्रकल्प फसला तर परतफेड नाही. माल बाजारात गेला तर विक्रीतून रॉयल्टी द्यायची, आणि परतफेडीला जितका उशीर तितकी रक्कम जास्त, कमाल मिळालेल्या मदतीच्या दीडपट.