सुपरकंडक्टरमुळे वीजबिल निम्मं होणार नाही

आमच्या गिरगावातल्या बिल्डिंगच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. सुपरकंडक्टरच्या, म्हणजे खूप थंड केल्यावर विजेला अजिबात रोध न करणाऱ्या पदार्थाच्या, तारांतून शून्य गळतीने वीज येते, त्या टाकल्या की बिल निम्मं होईल; हे 1911 पासून माहीत असूनही वीज कंपन्यांनी दाबून ठेवलंय; आणि 2023 मध्ये कोरियात साध्या तापमानाला चालणारा पदार्थही सापडलाय. शेजारच्या काकांनी 'हे खरं का रे?' असं विचारलं, म्हणून लिहितोय.

आधी बिल. देशात तयार होणाऱ्या विजेतला साधारण सहावा हिस्सा ग्राहकाच्या हिशेबात येतच नाही. त्यात तारा आणि ट्रान्सफॉर्मर तापण्यात गेलेली वीज आहे, तशीच आकडा टाकून चोरलेलीही. मुंबईत हे प्रमाण एक आकडी आहे. उद्या सगळी गळती थांबली तरी वीज तयार करण्याचा खर्च राहतोच, मग बिल निम्मं कुठून होणार?

'शून्य गळती' हे डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहापुरतं खरं. आपल्याकडे येते ती एसी, म्हणजे दिशा उलटसुलट बदलत राहणारी वीज, सेकंदाला 50 आवर्तनांची; तिच्यामुळे सुपरकंडक्टरमध्येही थोडी उष्णता तयार होतेच. पण खरी मेख थंडाव्यात आहे. कॉलेजात सरांनी थर्मोकोलच्या वाटीत सुपरकंडक्टरची एक काळी टिकली ठेवून तिच्यावर द्रव नायट्रोजन ओतला होता, उणे 196 अंशांचा. वर सोडलेला चुंबक अधांतरी तरंगला. आम्ही श्वास रोखून बघत होतो. थोड्या वेळाने नायट्रोजन उडून गेला, टिकली गरम झाली आणि चुंबक टपकन खाली आला. केबलचंही तेच. ती थर्मासासारख्या दुहेरी नळीत कायम थंड ठेवावी लागते, आणि आत शिरलेली 1 वॉट उष्णता बाहेर काढायला यंत्राला 10 ते 20 वॉट लागतात. रात्री तीन वाजता केबलवर भार नसला तरी ते यंत्र चालूच. त्यामुळे कमी भाराच्या गल्लीत अशी केबल तांब्यापेक्षा जास्त वीज खाईल.

दाबून ठेवल्याचा आरोप मला सगळ्यात जास्त खुपतो. 1911 मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला कामर्लिंग ओनेस या शास्त्रज्ञांनी पाऱ्यात हा गुण पाहिला तो उणे 269 अंशांना. द्रव नायट्रोजनमध्ये चालणारा पदार्थ 1987 मध्ये मिळाला, तोही बशीसारखा ठिसूळ. त्याची लांबलचक पट्टी ओढायला माणसांनी वर्षानुवर्षं खपून काम केलंय. एमआरआयच्या बहुतेक मशीनमध्ये सुपरकंडक्टरच असतो. आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत बिस्मथ धातूतली अतिवाहकता (म्हणजे हाच सुपरकंडक्टरचा गुण) सापडली, आणि ते 2016 मध्ये जगजाहीर झालं. यात लपवलंय काय?

मेसेजमधला कोरियाचा पदार्थ, एलके-99, तर काही आठवड्यांतच फोल ठरला. त्याचा विजेला होणारा रोध अचानक उतरलेला दिसला तो त्यात मिसळलेल्या कॉपर सल्फाइडमुळे. शुद्ध स्फटिक वीजरोधक निघाला.

तरीही ही केबल मुंबईला हवी, असं मला मनापासून वाटतं, पण जागेसाठी. जर्मनीत एसन शहरात 2014 मध्ये 1 किलोमीटरची अशी केबल टाकली. 40 मेगावॉट वीज 110 ऐवजी 10 किलोव्होल्टवर नेता आली, म्हणजे विजेचा दाब उतरवणाऱ्या मोठ्या उपकेंद्राची भर शहरात गरज उरली नाही. गिरगाव-लालबागमध्ये ट्रान्सफॉर्मरपुरती जागा मिळवतानाही किती ओढाताण होते, हे इथे राहणाऱ्यांना ठाऊक आहे.