उकळते पाणी रेडिएटरमध्ये ओतू नका

‘थंडीत गाडी सुरू करण्यापूर्वी रेडिएटरमधील कूलंट काढून उकळते पाणी ओतावे, म्हणजे इंजिन व गिअरबॉक्स दोन्ही गरम होतात, ते जमत नसेल तर शेडचे दार लावून इंजिन पंधरा मिनिटे चालू ठेवावे, परदेशात सगळे असेच करतात,’ असा मजकूर बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप गटांत फिरत आहे. खानापूरच्या माझ्या मामांनी तो वाचून रविवारी पहाटे बंबातले पाणी खरोखरच गाडीत ओतले, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन व रेडिएटर यांच्यामधली तापमानानुसार उघडणारी झडप, बंद असतो. साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसला तो उघडतो आणि तोवर रेडिएटरमधील पाणी इंजिनाकडे फिरत नाही. शिवाय इंजिनावर चालणारा पाण्याचा पंपही त्या वेळी थांबलेला असतो. त्यामुळे ओतलेल्या पाण्याची उष्णता रेडिएटरमधूनच हवेत निघून जाते, कारण उष्णता बाहेर टाकणे हेच त्या भागाचे काम आहे. गिअरबॉक्स गरम होण्याचा तर प्रश्नच येत नाही. मामांच्या गाडीसारख्या साध्या मॅन्युअल गिअरबॉक्सला स्वतःचे तेल असते आणि कूलंटची नळी तिथे जातच नाही. अनेक ऑटोमॅटिक गाड्यांत ते तेल कूलंटच्या सान्निध्यातून फिरवले जाते, पण तेही इंजिन चालू असताना. नुकसान मात्र निश्चित आहे. कूलंटमधील ग्लायकोलमुळे पाणी लवकर उकळत नाही आणि त्यातील इतर रसायने धातूला गंजू देत नाहीत. ते काढून बोअरचे क्षारयुक्त पाणी भरले, तर आत थर बसू लागतो आणि त्याचा त्रास थंडीत नव्हे, एप्रिलमध्ये चोर्ला घाट चढताना होतो.

शेडचे दार लावून इंजिन चालू ठेवण्याचा सल्ला तर जिवावर बेतणारा आहे. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि आपल्याकडे अनेक घरांत शेडला लागूनच झोपायची खोली असते.

थंड इंजिन सुरू होताना झीज अधिक होते, एवढे मान्य करावे लागेल. कॅनडासारख्या देशांत सुरू करण्याआधी इंजिन गरम करणारे विजेवरचे ब्लॉक हीटर वापरतात, हेही खरे. उत्तर अमेरिकेतील २००४ च्या टोयोटा प्रियसमध्ये सुमारे ३ लिटर गरम कूलंट थर्माससारख्या टाकीत साठवून, इंजिन सुरू होण्याआधी विद्युत पंपाने आत सोडण्याची सोय होती. परंतु ती कारखान्यातच बसवलेली बंदिस्त रचना होती आणि प्रदूषण कमी करण्यासाठी होती. आपल्या थंडीचे म्हणाल, तर इंजिन तेलाच्या दाट-पातळपणाच्या एसएई जे३०० या मानकानुसार ५डब्ल्यू श्रेणीचे तेल उणे ३० अंशांला इंजिन फिरू देईल इतके पातळ असावे लागते. बेळगावची थंडीतली पहाट दहा-बारा अंशांची असते.

गाडी सुरू करावी, अर्धा-एक मिनिट थांबावे आणि पहिले काही किलोमीटर इंजिनावर ताण न देता हळू चालवावी. गिअरबॉक्सचे तेलही त्या चालण्यानेच गरम होते. ज्यांनी आधीच पाणी ओतले असेल त्यांनी इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच झाकण उघडावे, कारण गरम असताना दाबाखालचे पाणी उसळून अंगावर येते. ते पाणी काढून, गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये योग्य प्रमाणात मिसळून भरून घ्यावे. मामांची गाडी उद्या त्यासाठीच मेस्त्रीकडे न्यायची आहे.